नाथसागराच्या काठावर दिवा लावायचाय, पण किती वॅटचा?

तुमचा प्रश्न वाचला, भाऊ. थोडक्यात असा: गंगापूर तालुक्यात नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठी गाव, घरची मासेमारी, थर्माकोलच्या तराफ्यावर तुम्ही दोघं भाऊ. मागच्या पौष अमावस्येला जाळी सोडून परतताना दिशा चुकली आणि तीन तास पाण्यातच फिरत राहिलात. काठावर दिवेच दिवे दिसत होते, पण त्यातलं आपलं गाव कोणतं तेच कळेना. शेवटी आई घाटावर येऊन बॅटरी हलवत उभी राहिली तेव्हा काठ सापडला. आता ग्रामपंचायत घाटावर हायमास्ट द्यायला तयार आहे आणि तुम्ही विचारताय, समुद्रावरच्या दीपगृहासारखा दिवा करायचा तर किती वॅटचा, किती उंच, कोणत्या रंगाचा? आणि मोबाइलमध्ये जीपीएस असताना हा खटाटोप करावा का?

मी मूळचा पैठण तालुक्यातला. एकतीस वर्षं पश्चिम किनाऱ्यावर दीपगृहं, बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) आणि बंदरातल्या बत्त्या चालू ठेवायचं काम केलं. सुट्टीला गावी आलो की पाहुणे विचारायचे, "दिवा लावायचीच नोकरी ना? मग पगार कशाचा देतात?" आता निवृत्त होऊन परत गंगेकाठी, म्हणजे आपल्या गोदावरीकाठी, आलोय, त्यामुळे तुमचं पाणी आणि माझं काम ही दोन्ही एकत्र आलेली बघून बरं वाटलं.

तुम्ही वॅट विचारताय, पण उत्तर तुमच्याच प्रश्नात आलंय. त्या रात्री तुम्हाला दिवे दिसत नव्हते असं नाही. आईच्या हातातल्या बॅटरीपेक्षा दहापट-वीसपट मोठे दिवे दिसत होते. तरीही कामाला आली ती बॅटरीच, कारण ती हलत होती. बाकी सगळे दिवे स्थिर, त्यात एकच हलणारा. तो बघितल्याबरोबर "हा आपला" हे कळलं. म्हणजे तुमची अडचण उजेड कमी असण्याची नाही. दिवा ओळखू येत नाही, ही खरी अडचण. हायमास्ट लावलात तर त्या पन्नास दिव्यांत एकावन्नावा दिवा येईल, इतकंच.

समुद्रावर हे दुखणं फार जुनं आहे. म्हणून प्रत्येक दीपगृहाला स्वतःची चाल असते. आमच्या कामात तिला कॅरेक्टर म्हणतात. एखादं दर पंधरा सेकंदांनी लागोपाठ तीन चमका देतं, शेजारचं दर दहा सेकंदांनी एकच देतं. नकाशावर आणि दिव्यांच्या यादीत ती चाल लिहिलेली असते. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, घड्याळ लावून किंवा मनात मोजून बघतो आणि ठरवतो की हे अमुक गावचं. उजेड जास्त वेळ आणि अंधार कमी, की अंधार जास्त आणि उजेड कमी, की दोन्ही सारखे, यावरूनही दिव्यांचे प्रकार पडतात. माझ्या पहिल्याच ठाण्यावर एक जुने बत्तीवाले होते. चाल बरोबर आहे का हे तपासताना ते घड्याळ बघत नसत, एका लयीत "विठ्ठल, विठ्ठल" म्हणत. पंधरा विठ्ठलांत तीन चमका आल्या की मान हलवून खाली जेवायला जात.

तर पहिला निर्णय चालीचा घ्या. काठाला उभे राहून रात्री आजूबाजूचे दिवे नीट बघा. मोबाइलच्या टॉवरवरचे लाल दिवे चारी बाजूंना असतील, म्हणून लाल नको. हिरवा दुकानांच्या पाट्यांवर, धार्मिक स्थळांवर सापडतो. शिवाय रंगीत काच किंवा रंगीत आवरण पांढऱ्या उजेडाचा मोठा भाग गिळून टाकतं, म्हणजे तेवढ्याच बॅटरीत दिवा कमी लांबून दिसणार. म्हणून पांढरा ठेवा आणि रंगाऐवजी चालीवर ओळख द्या. समजा तुमचा घाट म्हणजे दर दहा सेकंदांनी दोन चमका. शेजारच्या गावाला उद्या असाच दिवा हवा झाला तर त्यांनी तीन घ्याव्यात. दोन गावांनी बाजारातून एकाच कंपनीचा तयार ब्लिंकर आणून लावला की झाला का परत तोच घोळ!

बंदरात लाल-हिरवे दिवे असतात त्याचं कारण वेगळं आहे, आणि तुम्ही ते कोकणात बघितले असतील म्हणून सांगतो. आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवा ठेवायचा. अमेरिकेकडे हेच उलट आहे. हे दिवे "इथे गाव आहे" असं सांगत नाहीत, "माझ्या या बाजूने जा" असं सांगतात. तुमच्या घाटाला सध्या त्यांची गरज नाही.

आता वॅटकडे येऊ. समुद्रावर दिव्याची ताकद वॅटमध्ये कुणी मोजत नाही, कँडेलामध्ये मोजतात. एक कँडेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा उजेड. हवा स्वच्छ असेल, डोळा अंधाराला सरावलेला असेल आणि दिव्यामागे पूर्ण काळोख असेल, तर पंधरा कँडेलाचा दिवा तीन सागरी मैलांवरून, म्हणजे साडेपाच किलोमीटरवरून दिसतो. पंधरा मेणबत्त्या! तोच दिवा पाच सागरी मैलांवरून, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरवरून दिसावा असं वाटत असेल तर साधारण सत्त्याहत्तर कँडेला लागतात. अंतर दुप्पटही झालं नाही आणि उजेड पाचपट लागला. म्हणून "अजून थोडा मोठा लावू" हा विचार खिशाला परवडत नाही.

यात सगळं अडतं ते "मागे पूर्ण काळोख असेल तर" या अटीवर. दिव्यामागे गावाचे थोडे दिवे असले तर तेवढ्याच अंतरासाठी दहापट उजेड धरायचा, आणि झगमगाट असेल तर शंभरपट, असा आमचा हिशोब. याचा चटका मी स्वतः घेतलाय. दक्षिण कोकणातल्या एका मासळी बंदरात धक्क्यावरच्या बत्तीबद्दल तक्रार आली की ती दिसत नाही. मी गेलो, भिंग पुसलं, दिवा बदलून मोठा लावला, अहवाल लिहिला, परत आलो. महिन्याने तीच तक्रार. पुन्हा गेलो तर एक म्हातारा तांडेल मला होडीत घालून रात्री बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "साहेब, आता तुम्हीच दाखवा तुमची बत्ती." मला माझीच बत्ती सापडेना. लिलावाच्या शेडवर नवे फ्लडलाइट बसले होते आणि त्यांची तोंडं थेट समुद्राकडे होती. ती तोंडं खाली वळवून घेतली, वर पत्र्याची झाकणं बसवली, आणि जुनाच लहान दिवा परत लावला तर तो स्वच्छ दिसायला लागला. मोठा दिवा मी गुपचूप भांडारात जमा केला.

म्हणून हायमास्टला मी स्पष्ट नको म्हणतो. तो घाटावर आलाच, कारण ग्रामपंचायतीने एकदा ठराव केला की तो मागे कोण घेणार, तर एवढं करून घ्या: पाण्याकडच्या बाजूचे दिवे बसवूच नका किंवा त्यांना झाकणं घाला, उजेड जमिनीवर पडू द्या. तुमचा ओळखीचा दिवा हायमास्टपासून लांब, एका बाजूला आणि काळोखाच्या पार्श्वभूमीवर हवा. शेताचा बांध किंवा टेकाड मागे असेल तर उत्तम.

दीपगृहात भला मोठा दिवा जळत असेल असं लोकांना वाटतं. मोठं असतं ते भिंग. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने भिंगाच्या कड्या रचून वर आकाशात आणि खाली पायथ्याशी वाया जाणारा उजेड गोळा केला आणि तो आडव्या पट्ट्यात क्षितिजाकडे पाठवला. त्याचं भिंग १८२३ साली फ्रान्सच्या कॉर्दुआँ दीपगृहात बसलं. त्यानंतर सगळ्या जगाने तेच केलं. मुंबईचं प्रॉन्ग्ज दीपगृह १८७५ सालचं आहे, म्हणजे विजेच्या आधीचं. तेलाच्या ज्योतीवर जहाजं वाट काढत होती ती भिंगामुळेच. तुम्ही भिंग कुठून आणणार? पण तत्त्व वापरता येतं. बोयांवर बसवायचे सौर एलईडी दिवे मिळतात, त्यात हेच काम प्लास्टिकची कडी करते. तो परवडला नाही तर साधा एलईडी अशा डब्यात बसवा की उजेड वर जाणार नाही. भिंग किंवा आवरण नीट असेल तर तुमच्या कामाला एक-दोन वॅटचा एलईडी पुरतो. माझं हे वाक्य वाचून तुमचे सरपंच हसतील, हसू द्या.

उंचीचा हिशोबही सोपा आहे. दिव्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा, डोळ्याच्या उंचीचं काढा, दोन्हींची बेरीज करून ३.८५ ने गुणा. पृथ्वीच्या गोलाईमुळे दिवा जास्तीत जास्त किती किलोमीटरवरून दिसू शकेल ते येतं. तराफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून मीटरभर उंच धरू. दिवा नऊ मीटरवर असेल तर तीन अधिक एक म्हणजे चार, गुणिले ३.८५, साडेपंधरा किलोमीटरच्या आत-बाहेर. नाथसागराची लांबी पंचावन्न आणि रुंदी जास्तीत जास्त सत्तावीस किलोमीटर म्हणतात, पण तराफ्यावरून कुणी एवढं लांब जात नाही. साठ फुटी मनोरा कशाला? तीस फूटही खूप झाले. उंची लागते ती झाडं, उसाचे फड आणि काठावरच्या बाभळी यांच्या वर निघण्यापुरती.

इथपर्यंत एका दिव्याचं झालं. तो सांगतो की गाव इकडे आहे. पण घाटाच्या तोंडाशी येताना नेमकं कोणत्या रेषेवर यायचं हे तो सांगत नाही, आणि तुम्ही लिहिलंय की घाटाच्या दोन्ही बाजूंना बुडालेल्या बाभळींची खोडं आहेत, जाळी तिथेच फाटतात. याला माझ्या मते सगळ्यात कामाचा उपाय म्हणजे दोन दिव्यांची रेघ. बंदरांत खाडीचं तोंड अरुंद असतं तिथे हेच वापरतात. एक दिवा पाण्याजवळ, ठेंगणा. दुसरा त्याच्या मागे, जमिनीकडे, उंच. दोन्ही एकावर एक उभे दिसले की तुम्ही रेषेवर. खालचा दिवा डावीकडे सरकलेला दिसला तर तुम्ही उजवीकडे गेलात, तराफा डावीकडे घ्या. उजवीकडे सरकला तर उजवीकडे घ्या. म्हणजे खालच्या दिव्याच्या मागे जायचं, एवढंच लक्षात ठेवा. लहान पोरालाही शिकवता येतं.

दोघांमधलं अंतर मात्र चांगलं घ्या. लोक दहा-वीस मीटरवर दोन खांब उभे करतात आणि मग म्हणतात, रेघ काम करत नाही. दोन्हींत दोनशे मीटर अंतर असेल तर तीन किलोमीटरवरून तुम्ही तीस-चाळीस मीटर बाजूला गेलात तरी डोळ्याला कळतं. तेच अंतर वीस मीटर केलंत तर तीन-चारशे मीटर भरकटेपर्यंत काही कळणार नाही. उंचीतही फरक हवा, नाहीतर लांबून दोन्ही मिळून एकच दिसतात; खालचा चार मीटर आणि वरचा नऊ-दहा मीटर ठेवलात तर तीन किलोमीटरवरून सुटे दिसतील. खालच्याला भरभर लुकलुकणारी चाल द्या, सेकंदाला एक, आणि वरच्याला तुमच्या गावाची दोन चमकांची चाल. वरच्याचा अंधार लांबतो आणि दोन्ही एकत्र दिसायला थोडं थांबावं लागतं. ते नको वाटलं तर वरचा दोन सेकंद चालू आणि दोन सेकंद बंद असा करा. मग गावाची ओळख दिव्यांच्या जोडीवरूनच पटेल.

आता आपल्या पाण्याची एक खोड, जी समुद्राला नाही. मुंबईकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, पण ते दिवसातून दोनदा, आणि किनारा जवळपास तिथेच राहतो. जायकवाडीचं पाणी वर्षातून एकदा भरतं आणि एकदा उतरतं. पण धरण उथळ आहे. पाणी १५२२ फुटांवर पूर्ण भरलेलं असतं, ते पंधरा फूट खाली गेलं की आडवं कुठल्या कुठे जातं ते तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत पिकं उभी असतात आणि दिवाळीतला घाट पाण्यापासून लांब कोरडा पडलेला असतो. २०१६ सालच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या वर्षीचा नाथसागर आठवा. त्यामुळे पाण्याच्या कडेला काँक्रीटचा पक्का खांब उभारू नका. मागचा उंच दिवा पूर्ण भरलेल्या पातळीच्या वर, पक्क्या जागी घ्या. पुढचा ठेंगणा दिवा हलवता येईल असा करा, लोखंडी तिपाईवर. पाणी उतरेल तसा त्याच रेषेवर पुढे न्यायचा. रेष आखताना ती जुन्या ओढ्याच्या किंवा गंगेच्या पात्राच्या खोलगट भागातून जाईल असं बघा, म्हणजे पाणी उतरल्यावरही तराफा त्याच वाटेने येईल. ही वाट गावातल्या जुन्या माणसांना विचारा. धरण १९७६ साली झालं, त्याआधीची शिवारं ज्यांनी बघितलीत ती माणसं अजून आहेत. बाभळीची खोडं कुठे, विहिरी कुठे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. खोडांजवळ रिकामे कॅन बांधून त्यांवर चमकणाऱ्या रेडियमच्या पट्ट्या चिकटवा. बॅटरीचा झोत पडला की दिसतात, त्याला वीज लागत नाही.

बॅटरी आणि सौरपॅनलचं आता पटकन सांगतो. चमकणारा दिवा रात्रीचा बहुतेक वेळ बंद असतो, म्हणून तो फार कमी खातो. एक वॅटचा दिवा पाचातला एकच भाग चालू राहिला तर कंट्रोलर धरूनही चोवीस तासांत चार-पाच वॅट-तास लागतात. बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची साधी बॅटरी अर्धीच वापरली तरी आठ-दहा ढगाळ दिवस निघतात. दहा वॅटचं पॅनल पुरतं. वरचा दिवा निम्मा वेळ चालू ठेवणार असाल तर बॅटरी आणि पॅनल दोन्ही दुप्पट-तिप्पट घ्या. संध्याकाळी आपोआप लागणारं सेन्सर हल्ली शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. याच कामासाठी, म्हणजे दिवसा ज्योत आपोआप बंद करणारी झडप बनवल्याबद्दल, गुस्ताफ दालेन या स्वीडनच्या इंजिनिअरला १९१२ साली नोबेल मिळालं होतं. त्याच वर्षी अॅसिटिलीनच्या स्फोटात त्याचे डोळे गेले. सेन्सर लावताना मला दरवेळी त्याची आठवण येते.

बोयांवर आमचा खरा शत्रू कोण होता माहितीय? वादळ नाही, पक्षी. पॅनलवर बसून विष्ठा टाकतात आणि आठवड्यात चार्जिंग अर्ध्यावर. तुमच्याकडे पाणकावळे आणि बगळे हेच करणार. पॅनल थोडं जास्त तिरकं लावा, वरच्या कडेला तारेचे काटे बसवा आणि पंधरा दिवसांनी ओला कपडा फिरवा. दुसरा शत्रू चोर. बॅटरी खाली पेटीत ठेवू नका, खांबावर उंच ठेवा.

पक्ष्यांवरून महत्त्वाची गोष्ट. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि काठाची जमीन जलसंपदा विभागाची. म्हणजे परवानगी दोन ठिकाणांहून लागेल. तुमची जागा नेमकी कुणाच्या हद्दीत येते यावर बरंच अवलंबून, ते तलाठ्याकडून आधी काढून घ्या. अर्जात एक मुद्दा आवर्जून लिहा: सतत जळणाऱ्या प्रखर दिव्याकडे रात्री उडणारे पक्षी ओढले जातात आणि धडकतात, चमकणाऱ्या दिव्याकडे त्यामानाने कमी. हायमास्टच्या तुलनेत एक वॅटचा चमकणारा दिवा वन खात्यालाही गळी उतरवायला सोपा जाईल.

आता मोबाइल. जीपीएस जरूर वापरा. दिवसा घाटावर उभं राहून खूण जतन करा, आणि जाळी टाकता तिथेही करा. समुद्रावर मोठ्या जहाजांवर आता सगळी यंत्रं आहेत, तरी दीपगृहं बंद झालेली नाहीत, कारण यंत्र सांगतंय ते खरं की खोटं हे डोळ्याने पडताळायला काहीतरी लागतं. तराफ्यावर हात ओले, मोबाइल निसटतो, थंडीत बॅटरी उतरते. आणि एक गोष्ट लोक विसरतात: अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि उजळलेला पडदा क्षणभर बघितला की ती सगळी कमाई जाते. मग समोरचा दिवा असूनही दिसत नाही. पडद्याचा उजेड अगदी कमी करून ठेवा.

धुक्याचं तुम्ही विचारलं नाही, पण पौषात पहाटे धुकं पडतंच. तेव्हा हे सगळं कुचकामी. दाट धुक्यात दीपगृहही हार मानतं, म्हणून पूर्वी तिथे भोंगे आणि घंटा असायच्या. तुमच्या घाटावर एक लोखंडी रुळाचा तुकडा टांगून ठेवा, शाळेच्या घंटेसारखा. ज्यांचं माणूस पाण्यात आहे त्या घरच्यांनी मिनिटाला तीन ठोके द्यायचे. आवाजाची दिशा धुक्यात फसवी असते, त्यामुळे तराफा थांबवून, डोकं इकडे-तिकडे वळवून ऐकायचं आणि मगच वल्हं मारायचं.

पैसे गोळा करण्याआधी एक करा. दोन बांबू, दोन सायकलचे एलईडी ब्लिंकर, दोनशे मीटर अंतर. अमावस्येच्या आसपास आठ दिवस लावून बघा. पण चाचणीला तुम्ही दोघं भाऊ तराफ्यावर बसू नका. तुम्हाला घाट पाठ आहे, तुम्हाला अंधारातही दिसल्यासारखं वाटणार. सोयऱ्यांपैकी कुणी, ज्याने हा काठ कधी बघितला नाही, त्याला सोबत एक पोहणारा माणूस देऊन लाइफ जॅकेटसह तीन किलोमीटर आत न्या, दोन-चार गोल फिरवा आणि विचारा, गाव कुठे? त्याने भलत्याच दिव्याकडे बोट दाखवलं तर त्याच्यावर हसू नका. परत या, चाल बदला आणि दुसऱ्या रात्री दुसरा पाहुणा घेऊन जा.